मामाजी, तेल आणि तांबडी वाईन

पूस, म्हणजे पौष महिना लागला की सकाळी आमच्या दारात एक टक्कल येतं आणि विचारतं, "सूनबाई, तेल गोठलं काय?"

हे शेजारचे गणपतमामाजी. माझे सासरे नव्हेत, पण आमच्या बेला गावाकडे सासऱ्यासारखं शेजारच्या वडीलधाऱ्यालाही मामाजीच म्हणतात. त्यांच्या डोक्यावर एक केस नाही आणि रोज चौकशी माझ्या खोबरेल तेलाची. मी दाराआडून बाटली दाखवते. तेल पांढरं, घट्ट दिसलं की मामाजी खूश. "आता द्राक्षाले रंग चढते!"

तरुणपणी ते नाशिककडे द्राक्षाच्या मळ्यात होते. येताना काळ्या द्राक्षाची काडी घेऊन आले. इथे सगळीकडे कापूस, त्यात त्यांच्या अंगणात हा एकच मांडव. दरवर्षी एक बरणी तांबडी वाईन करतात. सालटं रसातच आंबू देतात, कारण रंग सालटात असतो. आणि सालटात तो थंडीने भरतो. ऊन फार झालं तर गोडी वाढते, आंबटपणा मरतो. पिकताना अवकाळी आला तर मणी फुगून फुटतात, चव पाणचट होते.

मामाजींना वर्षांचे आकडे आठवत नाहीत, हवा आठवते. माझा मुलगा 'गारपिटीचा'. माझ्या नवऱ्याला तर तोंडावर म्हणतात, "तू अवकाळीचा, बाप्पा. फुगला, पण चव नाही."

"अन् हा बुडा फुकटात तेल पाहून राह्यला," नवरा म्हणतो. दोघंही हसतात.

पण जीभ खरी. एकदा नवऱ्याने त्यांचे डोळे बांधून दोन वेगळ्या वर्षांच्या वाईनचे पेले चाखवले. "हे ढगाळीचं. हे कडक थंडीचं." दोन्ही बरोबर.

मामाजींचा मुलगा हैदराबादला. त्याने मोबाईल दिला, त्यात थंडी दिसते म्हणाला. मामाजी म्हणाले, "मोबाईलले थंडी वाजते काय?"

यंदा पुसात ढगच ढग. तेल पातळ. मामाजींचा चेहरा रोज उतरलेला. "पोरगा म्हणते, मांडव तोडा अन् इकडं या. यंदा रंग नाही आला तं जातो, सूनबाई. सरबतासाठी काऊन थांबू?"

संक्रांतीच्या आदल्या रात्री आभाळ मोकळं झालं. सकाळी माझ्या बाटलीतलं गोठलेलं तेल पाहून ते लहान मुलासारखे उड्या मारत गेले.

दुपारी मी तीळगूळ द्यायला त्यांच्या घरी गेले. उत्तरेच्या सावलीतल्या खिडकीत खोबरेल तेलाची बाटली होती. जुनी, धूळ बसलेली. आतलं तेल दगडासारखं गोठलेलं.

मी बाटलीकडे पाहिलं, मग त्यांच्या डोक्याकडे. थंडी तर त्यांना घरीच दिसत होती.

मामाजी वरमले. "मायं तेल खोटं बोलते, सूनबाई. कोनाले तरी विचारा लागते."

दुसऱ्या सकाळी हाक आली. मी दाराआडून बाटली पुढे केली नाही. दार पूर्ण उघडलं. नवऱ्याने खुर्ची सरकवली.

"आतमंधी या, मामाजी. चहा ठेवला."

ते बराच वेळ बसले. तेलाचं विचारायला विसरले. उठताना म्हणाले, "रंग चढून राह्यला, सूनबाई. उद्या येतो."