चौथ्या मजल्यावरील तारेचे वर्तमान

श्रीसंपर्कदेवता अखंड जोडलेली राहो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, कार्तिकमास. ते समयी चौथ्या मजल्याचे अधिपती त्र्यंबकराव पोंक्षे, जकातीच्या कचेरीतून निवृत्त, पत्नीवियोगे एकटे, यांणी घरी तारेचे इंटरनेट घ्यावे ऐसा मनसुबा केला. लाभ मांडिला तो ऐसा की, कन्या वैजयंती समुद्रापार, तिचे आणि नात सईचे मुख दर रविवारी संध्याकाळी पडद्यावर दिसेल, आणि प्लॅन कंपनीच्या पदरचा सर्वांत स्वस्त. मग कंपनीचे सरदार अल्ताफ, कमरेस पक्कड, खांद्यावर तारेचे वेटोळे, ऐसे स्वारी करोन आले आणि भिंतीस भोक पाडोन डबा बसविला आणि हिरवे दिवे लागले.

हे वर्तमान जिन्यात फुटले. प्रथम तळमजल्याच्या पुष्पाबाई दाभाडे वाटीभर खिचडी घेऊन आल्या आणि पासवर्ड मागितला. त्या जिन्याची चाल ऐसी की शेजाऱ्याने मागितलेल्या विरजणास कोणी नाही म्हणत नाही, आणि त्र्यंबकरावांनी पासवर्डास तीच चाल लाविली. मग एकाने दुसऱ्यास दिला आणि दुसऱ्याने मेहुण्यास दिला, आणि भिंतीपलीकडे सिग्नल पोचेना म्हणोन सर्व मंडळी रावांच्याच दिवाणखान्यात येऊन बसली. कोणी मालिका पाही, कोणी शेअर पाही, कोणी रेल्वेचे तिकीट काढी. ज्या घरी एक कप चहा होत होता तेथे पातेले चढले आणि राव साखर कमी की जास्त हे ज्याचे त्यास विचारू लागले. अंगी मूठभर मांस चढले.

परंतु रविवारी कन्येचा फोन यावा आणि चित्र थिजावे. सई म्हणे, “आई, आजोबा परत दगड झाले.” ऐसे होता होता वैजयंतीबाई थकोन बोलिल्या, “बाबा, निम्मा वेळ ऐकू येतंय का यातच जातो. असंच होणार असेल तर रविवार राहू दे. मी मेसेज टाकत जाईन.”

राव घाबरे जाहले. कंपनीस फोन केला, तेथे यंत्राने बहुत वेळ गाणे ऐकविले, मग कोणी गोड बोलोन तक्रार बंद करण्याचा ओटीपी मागितला, रावांनी भिडेखातर दिला, आणि तार कोणी न पाहता तक्रार मिटली ऐसा निरोप आला. पुन्हा केली, पुन्हा मिटली. अखेर अल्ताफ सरदारांस थेट बोलाविले. त्यांणी डबा पाहिला आणि मंडळी पाहिली, आणि रावांस स्वैपाकघरात नेऊन हळूच म्हणाले, “काका, तार ठणठणीत आहे. स्वस्तातला प्लॅन, चाळीसचा स्पीड म्हणतात, संध्याकाळी अख्खी गल्ली लोंबकळते तेव्हा पंधरा मिळतो. त्यावर तुम्ही जत्रा भरवलीय. पासवर्ड बदलू?”

रावांनी चहाच्या पातेल्याखालचा गॅस बंद केला आणि म्हणाले, “बदला.”

दुसरे दिवशी पुष्पाबाई आल्या, मोबाइल हालविला आणि म्हणाल्या, “भाऊजी, लागत नाहीये.”

“कंपनीचंच काहीतरी बिघडलंय,” राव म्हणाले.

बाईंनी हिरव्या दिव्यांकडे एकवार पाहिले, “असेल, असेल” म्हणाल्या, चहा संपविला, कप विसळोन पालथा घातला आणि गेल्या. मग दुसरे आले आणि गेले, मग कोणी आले नाही, आणि पंधरवड्यात घरोघरी अल्ताफ सरदारांची पक्कड फिरली.

रविवारी चित्र ऐसे उमटले की सईच्या केसांतील पिनही दिसावी. सईने पडलेला दात दाखविला. मग तब्येत विचारोन जाहली, हवा विचारोन जाहली, आणि अडखळण्यास काही न उरल्याने बोलणे लवकर सरले. तेव्हा वैजयंतीबाई म्हणाल्या, “बाबा, मागे माणसं दिसायची, मला बरं वाटायचं. सगळे कुठे गेले?”

“येतात की,” राव म्हणाले. “आत्ताच उठून गेले.”

तार इतकी उत्तम चालत होती की हे वाक्यही कोठे न अडकता पोचले. पलीकडे सईस क्लासची घाई जाहली.

ताळेबंद ऐसा: कंपनीस एका जिन्यात सहा नवी घरे लाभली, अल्ताफांस वरिष्ठांची शाबासकी, पुष्पाबाईंस न थांबणारी मालिका, वैजयंतीबाईंस दर रविवारी स्वच्छ दिसणारे वडील. भरणा त्र्यंबकरावांनी केला, एकट्याने.