नानांचा पायपंप

नाना दळव्यांनी माझा चेहरा नीट पाहिला तो ओळख झाल्यानंतर तिसऱ्या रविवारी. तोवर त्यांनी माझ्या जीपची फक्त चाकं पाहिली होती. समोर माणूस उभा आहे, नमस्कार करतोय, आणि नाना आपले गुडघ्यावर बसून टायरला हवेचं गेज लावतायत. "मागचा डावा बावीस," एवढंच म्हणाले. पुढे कित्येक दिवस क्लबात माझं नाव 'मागचा डावा' हेच होतं. चांगलं सुनंदा नाव आहे माझं, पण ऐकतो कोण?

ही गोष्ट पनवेलचा विमानतळ अजून कागदावरच होता तेव्हाची. सुकापूरच्या पुढे तेव्हा शेतं दिसायची. मी बेलापूरला नोकरी करत होते, नवीन पनवेलला राहत होते, आणि चाळिशी जवळ आली म्हणून की काय, मला जुनी जीप घेऊन चिखलात घालायची हुक्की आली. नवरा पहिल्या फेरीला शेजारी बसला, ओढ्याकाठी उतरून ओकला आणि पुन्हा कधी आला नाही. सासूबाईंनी विचारलं, "रस्त्यावरून चालवायचा कंटाळा आला का गं तुला?" मी तरीही जात राहिले.

क्लब म्हणजे सहा जीप आणि त्यांना गोळा करणारे एक दंतवैद्य, डॉक्टर शिरीष. रविवारी सकाळी निघायचं, माथेरानच्या पायथ्याला मालडुंग्याकडे जायचं. डांबरी रस्ता संपला की टायरमधली हवा अठरा पौंडांवर उतरवायची, म्हणजे टायर पसरतो आणि चिखल धरतो. दिवसभर ओढे आणि दगडधोंडे तुडवायचे. परत डांबरीला लागताना मात्र सगळी चाकं तीस पौंडांवर आणायची, नाहीतर टायरची वाट लागते. हे हवेचं खातं सर्वस्वी नानांचं.

नाना तळोज्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर होते. निवृत्त झाले, पण प्रेशर काही डोक्यातून गेलं नाही. डॉक्टरांची बायको भांडून माहेरी गेली तर नाना म्हणाले, "प्रेशर चढत होतं, मी केव्हाच सांगितलं होतं." कोणी गप्प बसलं की, "याची हवा उतरलीय, चहा द्या." आणि कोणी फुशारक्या मारायला लागलं की काही न बोलता खिशातून गेज काढून त्याच्यासमोर धरायचे.

त्यांच्याकडे एक पायपंप होता, रंग उडालेला, दर दाबाला करकरणारा. सहा गाड्या, चोवीस चाकं, पंप एक. त्यात नानांचा नियम असा, की आपली हवा आपण भरायची नाही. माझी चाकं डॉक्टर भरणार, डॉक्टरांची मी. कमळाबाईंच्या चहाच्या टपरीसमोर गाड्या लागायच्या आणि नाना स्टुलावर बसून पंप मारणाऱ्याची चौकशी करायचे. "सासूबाईंचा गुडघा कसा आहे?" "धाकट्याचं गणित सुधारलं का?" पन्नास वेळा दाबलं की गेज. एकतीस निघाली तर "जास्त झाली" म्हणून सोडायचे ती थेट अठ्ठावीसवर, आणि वर "मारा पुन्हा". दोन तास कुठे गेले नाहीत. ती टपरी आता नाही, तिथे बंगल्यांच्या प्लॉटची पाटी लागलीय. तिकडून जाताना मी अजून गाडीचा वेग कमी करते. तेव्हा मात्र मी नुसती चरफडायचे. घरी सोमवारच्या डब्याची भाजी निवडायची पडलेली, आणि मी इथे एका पौंडासाठी नाचतेय.

म्हणून मी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर विकत आणला. डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "राहू दे ना सुनंदा, पंप आहे की." मला वाटलं, बाईने यंत्र आणलेलं या पुरुषांना झोंबलं. मग तर मी हट्टालाच पेटले. तासाभरात चोवीस चाकं भरून दाखवली, नानांचीही. नानांनी एकेका चाकाला गेज लावलं. कुठे चूक सापडेना.

"छान. पटकन झालं," ते म्हणाले. "निघा आता, घरची माणसं वाट बघत असतील."

कमळाबाई झारा घेऊन बाहेर आल्या. "आज एवढ्या लवकर? मी तं भजीचं पीठ कालवलंय. आता कोन खानार हाय?"

एकेक गाडी निघाली. मी तर शीळ घालत घरी आले.

घरी आल्यावर लक्षात आलं, पर्स टपरीवरच राहिली. स्वतःला शिव्या देत परत गेले. सहा वाजून गेले होते. नानांची जीप तिथेच होती आणि नाना एकटेच स्वतःच्या गाडीला पंप मारत होते.

"नाना, चाक बसलं का?"

नाना पंप मारतच राहिले. कमळाबाईंनीच आतून सांगितलं, "बसलं नाय. आपनच हवा सोडतान, आपनच भरतान. ही दुसरी खेप हाय."

नानांनी घाम पुसला. "मालती गेल्यापासून असं होतं, ताई. तीस वर्षं शिफ्ट केली, रविवारची संध्याकाळ तेवढी आम्ही दोघं घरी असायचो. बाकीचे वार ढकलतो कसेतरी. रविवारी घर खायला उठतं." मग म्हणाले, "तुमचं यंत्र चांगलं आहे हो. त्याला नावं नाही ठेवत मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाने दर रविवारी माझ्या सासूबाईंचा गुडघा विचारला होता, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं की नाना, तुमच्या घरी कोण असतं?

पुढच्या रविवारी मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. म्हटलं, कॉम्प्रेसर बिघडला असं सांगते. डॉक्टरांनी आपल्या जीपचं मागचं सीट उचललं. खाली फडक्यात गुंडाळलेला कॉम्प्रेसर होता, माझ्याहून मोठा.

"बाकी तिघांकडेही आहे," ते म्हणाले. "प्रत्येकाने एकदा आणला, एकदाच वापरला."

"मग मला आधी सांगायचं ना."

"राहू दे म्हटलं होतं की."

मी माझा कॉम्प्रेसर सीटखाली सारला. टपरीसमोर नाना स्टूल घेऊन बसलेच होते. मी डॉक्टरांच्या चाकाला नळी लावली, पंपावर पाय ठेवला, आणि या वेळी नानांच्या आधी मीच विचारलं, "रविवारी संध्याकाळी तुम्ही दोघं काय करायचात हो?"

"आधी भांडायचो," नाना म्हणाले. "चहा कोणी करायचा यावरून." आणि मग सांगतच सुटले. मालतीबाई चहात आलं किती घालायच्या, रेडिओला कान लावून कशा बसायच्या, रुसल्या की दार न लावता शेजारी जाऊन कशा बसायच्या. मी हळूहळू पंप मारत होते, मध्येमध्ये 'मग?' म्हणत होते. चाकात चौतीस पौंड तरी हवा झाली असेल, पण नानांना गेज लावायची आठवण झाली नाही.