हा जेवला का?

आमच्या समोरच्या सुमनआत्यांसोबत टीव्ही बघायला बसू नये. पडद्यावर लग्न लागत असो की गोळीबार चालू असो, त्या एकच प्रश्न विचारतात, "हा जेवला का?" परवा एका मालिकेत फौजदार चोरामागं पळत होता. आत्या टीव्हीवर ओरडल्या, "आरं, दोन घास खाऊ द्या की त्याला! चोरालाबी द्या!" चोर मेला, त्याचं त्यांना काही नाही. "उपाशी मेला," म्हणून संध्याकाळभर धुसफुसत होत्या. त्यांच्यामुळं मला कुठलीच गोष्ट धड बघता येत नाही. नट रडायला लागला की माझंही लक्ष त्याच्या पोटाकडं जातं.

मुकुंदवाडीत आमची दारं समोरासमोर. त्या सगळ्या गल्लीच्या आत्या, पण सख्ख्या आत्या एकट्या अविनाशच्या. तो रांगत होता तेव्हाच त्याचे आईबाप गेले. भावाचं पोर आत्यांनी वाढवलं. सिल्लोडकडं एका सिनेमाचं शूटिंग झालं, त्यात त्याला गुराख्याचं काम मिळालं. सिनेमा इतका गाजला की अविनाशचा फोटो पेपरात आला. गल्लीत पेढे वाटले. आत्या मात्र रागावलेल्याच. "सबंध सिनेमात पोरगं गुरं राखायलंय, पण त्याला कुणी भाकर देईना!"

मग मुंबईहून दोघं आले. एक दिग्दर्शक आणि एक नट निवडणारी बाई. त्यांच्या नव्या गोष्टीत एका शाळकरी पोराला अचानक शक्ती येते, तो उडतो, शहर वाचवतो. त्यासाठी त्यांना अविनाशच पाहिजे होता. त्याला अजून अठरावं लागलं नव्हतं, म्हणून सही आत्यांची लागणार होती.

आत्यांनी त्याचा पार बघण्याचा कार्यक्रम करून टाकला. सतरंजी अंथरली, अविनाशला नवा शर्ट घालायला लावला, मला पोहे करायला बोलावलं. पोहे देऊन मी दाराआड उभी राहिले. परक्या माणसांसमोर मला बोलता येत नाही. आत्यांना ती अडचण नाही.

"तर मुलगा नेणार तुम्ही," त्या म्हणाल्या. "घर कसं हाय?"

"आमचं ऑफिस?" दिग्दर्शकानं विचारलं.

"गोष्टीतलं घर. हा राहणार ते."

"छोटीशी खोली आहे. एकटाच राहतो तो."

"आईबाप?"

"लहानपणीच वारलेत."

"चुलता, मामा, कुणी?"

"कुणीच नाही. म्हणून तर तो हीरो होतो, आत्याबाई."

आत्यांनी चहाचा कप खाली ठेवला. आता काय होणार ते मला कळलं.

"कुणीच नाय? ह्यालाबी आईबाप नायत. मग ह्याला वाऱ्यानं वाढवलं व्हय? पोरगं रातभर उडणार, तुमचं शहर वाचवणार, अन् घरी आलं की गॅसवर काहीच नाय! असल्या घरी मी पोरगं देणार नाय."

असा संताप आला मला! पोराचं नशीब सतरंजीवर बसून पोहे खातंय आणि ही बाई गोष्टीतल्या स्वयंपाकावरून भांडतेय. अविनाशचं तोंड एवढंसं झालं.

"आत्या, खोटं असतं गं ते."

"भूक खोटी असती व्हय रे?"

दिग्दर्शक वैतागला. "गोष्ट लिहून झालीय. आता त्यात आत्या घालता येणार नाही."

"मला दाखवा म्हणले का मी? मला नका दाखवू. ताट दाखवा. झाकलेलं. पोरगं आलं की काढून खाईल."

शेवटी ती निवडणारी बाई म्हणाली, "दाखवू."

"शपथ?"

"तुमच्या पोह्यांची शपथ."

आत्यांनी सही केली. अविनाश मुंबईला गेला. पुढं कितीतरी दिवस समोरच्या घरातून टीव्हीचा आवाज आला नाही. मी हाक मारली तरी त्या बघायला येईनात. मला आता त्यांच्या गप्प बसण्याचाही राग येऊ लागला.

गोष्ट मोबाइलवर आली त्या दिवशी मात्र त्या आपणहून आमच्याकडं आल्या. अविनाश इमारतींवरून उडत होता. माझी सूनबाई टाळ्या वाजवत होती. मग तो दमून खिडकीतून खोलीत उतरला. खोलीत कुणीच नव्हतं. टेबलावर ताट होतं, त्यावर दुसरं पालथं घातलेलं. त्यानं ते उचललं, खाली मांडी घातली आणि जेवायला लागला.

"अगं बाई, चुकलं की ह्यांचं," सूनबाई हसली. "घरात कुणी नाही, मग वाढून कुणी ठेवलं?"

मी आत्यांकडं बघितलं.

"कांदा नाय ठेवला मेल्यांनी," एवढंच रागानं म्हणाल्या. मग पुढं वाकल्या आणि पदराच्या टोकानं मोबाइलची काच पुसली, अविनाशच्या ओठांपाशी. त्यांचं बोट लागलं आणि चित्र थांबलं. घास पोराच्या हातातच राहिला.

"चालू कर की गं!" त्या माझ्यावर खेकसल्या. "खाऊ दे त्याला."