टाकीजवळची रेंज

बदलापुरातल्या बेलवलीच्या त्या इमारतीत टेलिफोन एकट्या अण्णांकडे होता. कुणाचाही निरोप आला की तो आधी अण्णांना कळे, मग जिन्याला आणि सवडीने ज्याचा त्याला. म्हणून श्यामकांतांनी अण्णांच्या नाकावर टिच्चून मोबाईल घेतला आणि लेक मीनलसाठी कल्याणचं स्थळ आलं तेव्हा ऐटीत त्याचाच नंबर दिला.

लग्नानंतर नोकरी सोडणार नाही, अशी मीनलची अट होती. अंबरनाथच्या कारखान्यातल्या लॅबमधली ती नोकरी तिने हट्टाने मिळवली होती. मुलाच्या आई कुमुदिनीबाई "रविवारी सकाळी फोन करून सांगतो," म्हणाल्या होत्या. श्यामकांतांना मुलगा फार आवडला होता; अटीपायी तो हातचा जाईल अशी त्यांना धास्ती होती.

बदलापुरात रेंज नव्हती असं नाही. गच्चीवर, पाण्याच्या टाकीला खेटून, अंबरनाथकडे तोंड करून उभं राहिलं की ती यायची. रविवारी श्यामकांत तसे उभे राहिले. फोन वाजला.

"हॅलो, नमस्कार!"

"काका, मी हेमचंद्र." हा कोपऱ्यावरचा पीसीओवाला. "काकू म्हणाल्या महत्त्वाचा फोन येणारे. म्हटलं, लागतो का बघू. आवाज फाटतोय का?"

"नाही रे बाबा! ठेव!"

त्याने ठेवला आणि खात्रीसाठी पुन्हा लावला. तेवढ्यात दुकानात आलेल्या दूधवाल्या हिंदुरावांना मोबाईलवर बोलून बघायची हौस आली. "सायेब, खरंच गच्चीवर हाव का? मग हात करा की!" श्यामकांतांनी हात केला. मग गिऱ्हाइकांची रांगच लागली. हेमचंद्र शेजारधर्म म्हणून कुणाकडून पैसे घेत नव्हता. शेवटी त्याला झापायला श्यामकांतांनीच पीसीओवर फोन लावला, तर नेटवर्क बिझी. ते लावतच राहिले. उन्हात डोकं तापलं, कल्याणचा काही पत्ता नव्हता. पोरीचं लग्न आपल्या मिजाशीपायी मोडलं, या विचाराने त्यांना रडू यायचं बाकी होतं.

पुन्हा फोन वाजला. पुन्हा हेमचंद्रच.

"गाढवा, आता जर फोन केलास ना..."

"काका, ऐका तर! जिन्यातून निरोप आला, कल्याणचा फोन अण्णांकडे आलाय. काकूंनी तो नंबर पण देऊन ठेवला होता."

श्यामकांतांनी फोन कानाला घट्ट दाबला. "काय म्हणाल्या?"

"सकाळपासून तुमचा नंबर एंगेज. त्यांना वाटलं, मुलीला धडाधड स्थळं येतायत. घाबरून नोकरीला हो म्हणाल्या. वर म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका."

श्यामकांतांनी टाकीला टेकून डोळे पुसले. "देव पावला! थांब, मी खाली येतो."

"नको, नको! काकू अजून बोलतायत. लग्न बदलापुरातच व्हायला हवं, तिथे गाडी अडलीये. मध्येच त्या बाई मुलाच्या वडिलांना शेजारून तुमचा नंबर फिरवून अजून एंगेज आहे का बघायला लावतात."

"मग?"

"मग काय! काकूंचा निरोप आहे, तारीख ठरेपर्यंत टाकीजवळून हलायचं नाही. हे घ्या, हिंदुरावांशी बोला."