आठ व पुढे

खोक्यावर ‘वय वर्षे आठ व पुढे’ असं छापणारा जो कोणी साहेब असेल, तो धडधडीत खोटं बोललाय. गार खोलीत बसून ठोकला असणार आकडा. एकदा रत्नागिरीत येऊन सुहास मोहित्यांच्या तोंडावर म्हणून दाखवावा.

मोहिते एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं मेकॅनिक होते. आता वय सहासष्ट, म्हणजे आठ आणि चांगलंच पुढे. त्यांची ख्याती एकच: दोष असलेल्या गाडीच्या कागदावर त्यांनी कधी ‘ठीक’ लिहिलं नाही. साहेब डोक्यावर उभा राहू दे, लांज्याची गाडी खोळंबू दे, नाही म्हणजे नाही. म्हणूनच ऑफिसला निघताना त्यांच्या मुलीने, करुणाने, त्या खोक्यातला रोबो त्यांच्या पुढ्यात ठेवला. नात तेजस्वी नुकतीच आठ वर्षांची झाली होती, तिला मुंबईच्या मामाने पाठवलेला. मिटला की लाल रेसची गाडी, उलगडला की रोबो. फक्त रोबोचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

“बाबा, तुम्ही तपासा. पीस खराब असेल तर बदलून घेऊ. न्यायला माणूस चारला येतोय.”

तेजस्वी दप्तर लावून दारात घुटमळत होती. “आबा, ठीक लिही हां,” एवढंच म्हणाली आणि शाळेत पळाली.

मोहिते पेचात पडले. नातीचा शब्द मोडायचा, की चौतीस वर्षांचा आपला? त्यांनी कपाटावरची जुनी वही उजव्या हाताने काढली. डाव्या खांद्याची त्यांची जुनीच तक्रार होती. मग लिहायला बसले. चाके फिरतात. दिवे लागतात. दारे नीट बंद होतात, एसटीपेक्षा बरी. डावा हात वर जात नाही. अकरापर्यंत तपासणी आटोपली. आता रोबो मिटून खोक्यात घालायचा, कारण खोक्यात गाडीच्याच आकाराचा खळगा होता.

इथे त्या साहेबाने मेख मारून ठेवली होती. सोबतच्या कागदावर अक्षर एक नाही, नुसते बाण आणि बावीस चित्रं. अकराव्या चित्रात पाय पोटात जात होता. मोहित्यांच्या हातात तो जात नव्हता. जोर लावणं त्यांच्या शिस्तीत बसेना, म्हणून त्यांनी शिलाई मशीनचं तेल सोडलं. तेलाने सगळेच सांधे सुटले. उभा केला की रोबो कमरेत वाकून नमस्कार घाली. तेल टिपायला पावडर टाकली, तर दोन्हींचं खिडकीच्या काचेला लावतात तसं चिकट लुकण झालं आणि पाय अर्ध्यावर रुतून बसला.

तेव्हा त्यांनी भिकाजीला फोन केला. भिकाजी त्याच वर्कशॉपात पत्र्याचं काम करायचा, वयाने एक वर्ष मोठा. येताना हातोडी घेऊनच आला. मोहित्यांनी ती आधी ओट्यावर ठेवायला लावली.

“मेल्या, आधी ठरव,” भिकाजी म्हणाला. “डोकं बॉनेटात जातं, की बॉनेट डोक्यात?”

यावर दोघांचं तासभर वाजलं. आमटी निवून गेली. चार वाजता टेबलावर जे उभं होतं, त्याला दोन चाकं होती, एक टांग होती आणि डिकीतून डोकं बाहेर बघत होतं.

न्यायला आलेल्या ऋत्विकने फोनवरचा फोटो पाहिला, मग टेबलाकडे पाहिलं. “काका, फोटोत गाडी हाय. ही काय हाय?”

“गाडी कामात आहे,” मोहिते वर्कशॉपातल्या सवयीने म्हणाले.

मूळ आकारात नसेल तर ॲप घेत नाही, असं त्याने सांगितलं. पोरगा भला, स्वतः खाली बसून दहा मिनिटं झटला. मग बोटांचं लुकण पुसत उठला आणि बदली रद्द करून निघून गेला.

तेजस्वी शाळेतून आली तेव्हा दोन्ही म्हातारे काच फोडलेल्या मुलांसारखे बसले होते. तिने ओल्या फडक्याने सांधे पुसले. “पाय आधी नाही आबा, आधी डोकं.” टक, टक, टक. गाडी. पुन्हा टक, टक. रोबो. डावा हात होता तिथेच.

“हात तर तसाच राहिला गं.”

“तुझापण तसाच आहे ना? म्हणून तर मला बदलायचा नव्हता. नव्याचे दोन्ही वर गेले असते.”

मोहित्यांनी वही पुन्हा पुढे ओढली. करुणाने आल्या आल्या विचारलं, काय निघालं तपासणीत? त्यांनी डाव्या हाताची ओळ खोडली, खाली ‘ठीक’ लिहिलं आणि सही केली. भिकाजी सभ्यपणे छताकडे बघत होता.

पण साहेबाचा हिशेब बाकी होता. मोहित्यांनी तेजस्वीला ॲप उघडायला लावून कंपनीसाठी मजकूर सांगितला:

“आठ वर्षांची पोर अर्ध्या मिनिटात करते, हे मान्य. आम्ही दोघे मिळून एकशे तेहेतीस वर्षांचे, दिवसभर बसलो, पाय पोटात गेला नाही. तरी ‘व पुढे’ म्हणजे नक्की कुठपर्यंत? लेखी उत्तर द्यावे.”