पेटीतली परकी बाई

रविवारी चर्चहून आल्या आल्या ओथाने बायकोने तरुणपणी गायलेल्या पाच रेकॉर्डींची, कंपनीने नव्याने काढलेली पेटी उघडली, पहिली रेकॉर्ड लावली आणि तो ताडकन उभाच राहिला.

"ही कोण?"

"मी," व्हर्लीन स्वयंपाकघरातून म्हणाली.

"उगीच काहीतरी! तुझा आवाज मला माहीत नाही?"

माहीत होता ना. त्या आवाजावर भाळूनच तर तो मेम्फिसला आला होता. कोवळा, पाखरासारखा भिरभिरता आवाज. पेटीतली बाई मात्र भरल्या नदीसारखी संथ, खोल. लग्नाच्या नवलाईत व्हर्लीन शेगडीपाशी गुणगुणली, तेव्हा तो लाडाने म्हणाला होता, "रेकॉर्डसारखं म्हण ना!" तेव्हापासून ती चर्चमधल्या तीस गळ्यांत मिसळून गायची. घरात, एकटीने, कधीच नाही.

शेजारचे ब्रदर क्लाइड आले. कान देऊन ऐकलं. "ओथा, ही तुझी सासू वाटते रे."

"सासूला कुठे गाता येत होतं?"

"ओरडता तर यायचं!"

ओथाने कंपनीला फोन लावला. रविवारी कोण उचलणार? त्याने निरोप ठेवला : "पेटीत भलतीच बाई आलीय. माझी बायको परत पाठवा!"

"मशीनच हळू फिरत असेल," क्लाइड म्हणाले. झालं! तार उपटली, तबकडी काढली, ती फिरवणारा पट्टा ओढून काढला, स्क्रू टेबलभर पसरले.

इकडे व्हर्लीन पेटीतली पुस्तिका वाचत होती. 'आवाज कोवळा वाटावा म्हणून कंपनीच्या मालकांनी त्या काळी टेप जरा जास्त वेगाने फिरवली होती. इथे गायिका प्रथमच आपल्या खऱ्या गतीने गाते आहे.' तिने ते दोनदा वाचलं. म्हणजे गळा उणा नव्हताच! कोलार्डची पालेभाजी ढवळता ढवळता तिने डोळे पुसले. मग ओठ हलले.

बाहेर ओथा गोंधळला. "क्लाइड, मशीनचा पट्टा माझ्या हातात आहे ना?"

"आहे."

"तार काढलीय?"

"काढलीय."

"मग ही बाई थांबत का नाही?"

क्लाइडनी नुसती डोक्यावरची हॅट काढली.

ओथा सुरामागे सुरामागे दारापर्यंत गेला. पाठमोरी व्हर्लीन गात होती. गाणं संपेपर्यंत त्याने पाऊल हलवलं नाही. मग पट्टा पाठीमागे लपवत, चाचरत म्हणाला, "बाई... जेवायला थांबाल ना?"

"थांबेन," व्हर्लीन वळली नाही. "पण आधी टेबलावरचे स्क्रू उचला."