रिकाम्या बराखीची राखण

दिवाळीच्या आधीचा रविवार, साल दोन हजार दोन. स्थळ महाळुंगे पडवळ, दत्तूअण्णांची कांद्याची बराखी. हजर: अण्णा, त्यांची सून सुरेखा, तिची दोन वर्षांची चिऊ, शेजारचे रामभाऊ आणि मी, म्हणजे पलीकडच्या घरातली शाळेची बाई. शिवाय रामभाऊंचा खोकला. अण्णांच्या लेखी तो वेगळा धरावा लागतो.

बराखी म्हणजे बांबूच्या फटीफटींची लांबट खोली, उन्हाळ्यात भरलेला कांदा तिच्यात दिवाळीपर्यंत वारा खात पडतो. त्यातला शेवटचा ढीग निवडायचं काम चाललं होतं. रामभाऊ खोकले, तसे अण्णा उठले आणि त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले. हा अपमान नव्हे, तपासणी. समोर तोंड दिसलं की माणूस हसून वेळ मारून नेतो, म्हणून अण्णा खोकला नेहमी पाठमोरे ऐकतात.

“कवापासून हाय?”

“कांद्याची धूळ, अण्णा. पावणा हाय, जाईल दोन दिसांत.”

“दोन दिस म्हणून दसऱ्याच्या आधी आलाय त्यो. तीन आठवडं पावणा ऱ्हातो व्हय? आता येक तर त्याचं नाव रेशनकार्डात घाला, न्हाई तर दवाखान्यात न्या.”

रेशनकार्डाचं हे वाक्य आमच्या आळीत प्रत्येकाने ऐकलेलं आहे. रामभाऊ दुसऱ्या दिवशी मंचरच्या दवाखान्यात गेले. निघाली खरोखरच धुळीची ॲलर्जी. अण्णांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. “धूळ निघाली ना? मग पेढं वाटा,” म्हणाले.

ही विद्या अण्णांना कांद्याने शिकवली. रोज सकाळी ते बराखीच्या फटींना नाक लावत फिरायचे. वरून सगळा कांदा लालच दिसतो, पण आत एखादा मऊ पडलेला असला की अण्णांना वास लागायचा आणि ते कोपरापर्यंत हात घालून नेमका तोच बाहेर काढायचे. माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच रीत. लोणी गावातल्या एका लग्नात पंगतीत नवरदेवाचे मामा खोकत होते. अण्णा त्यांच्याशेजारी बसले आणि गोड आवाजात म्हणाले, “पावणं, थुंकीत रगात दिसतं का? रातचा घाम? वजन उतरलंय?” मामांनी हातातली जिलेबी पानात ठेवली. पुढे त्या घरून आम्हाला कुठलंच आमंत्रण आलं नाही.

डोकेदुखीची तपासणी निराळी. माझं डोकं महिनाभर दुखत होतं, मी बाम चोळून वर्ग घेत होते. अण्णांनी कुंपणावरूनच विचारलं, उलटी होते का, अंधारी येते का, बोलताना जीभ अडखळते का. सगळ्याला नाही म्हटल्यावर म्हणाले, “म्हैनाभर बाम चोळायचा नसतो, बाई. डोळं तपासा.” चष्मा लागला. पण किसन टेम्पोवाल्याच्या वेळी त्यांनी एवढेही प्रश्न विचारले नाहीत. भर दुपारी किसन एकदम डोकं धरून खाली बसला, असं कधीच दुखलं नव्हतं म्हणाला आणि शब्द तोंडात घोळायला लागले. अण्णांनी त्याच्याच टेम्पोतल्या आपल्या कांद्याच्या गोण्या रस्त्याकडेला ढकलल्या, त्याला आत झोपवलं आणि दुसऱ्याला चालवायला बसवून थेट पुण्याला नेलं. मेंदूत रक्त साकळत होतं. किसन आज टेम्पो चालवतोय. कांद्याचं विचारलं तर अण्णा म्हणतात, “कांदा काय, परत पिकतो.”

असा हा माणूस. आता जे मला खटकलं ते सांगते. मला कामांची यादी केल्याशिवाय झोप येत नाही, आणि एखादी गोष्ट कशातच बसेना की ती टोचत राहते. गणपतीपासून अण्णा राखणीला म्हणून बराखीत झोपत होते. दिवाळीला कांदा विकला गेला. खाट मात्र घरात आली नाही.

मग सुरेखा माझ्याकडे येऊन बसली. सासऱ्यांना ती मामा म्हणते. “बाई, मामांचं काय बिनसलंय कळंना. ताट न्यावं तर म्हणत्यात लांब ठिव. चिऊ पळत जाती, तर तिच्याकडं पाठ करत्यात. पैली तिच्याबिगर जेवत नव्हते. माझं काय चुकलं असंल?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहा घेऊन बराखीकडे गेले. पोचायच्या आधीच फटींतून खोकला ऐकू आला. खोल, ओला, दाबून धरलेला. मी आत शिरले, कप ठेवला आणि अण्णांकडे पाठ करून उभी राहिले.

“कधीपासून?”

“कांद्याची धूळ, बाई.”

“कुठला कांदा, अण्णा?”

बराखीत खाटेशिवाय काही नव्हतं. मागून खाट करकरली आणि आवाज आला, “श्रावणापासून.”

मी वळले. त्यांनी तोंडावर उपरणं धरलं होतं, फक्त डोळे दिसत होते, तेही खाली.

“गावभर लोकांना टोकत हिंडलो. आता मीच दवाखान्याच्या रांगेत दिसलो तर हसतील. त्ये सोसंन मी. पर त्या दुखण्याचं नाव घराला लागलं तर चिऊला कोन मांडीवर घेईल?”

“तुम्ही घेता का सध्या?”

त्यांनी उपरणं आणखी वर ओढलं. चहा निवला.

सकाळी मी त्यांना मंचरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, खोकला किती दिवस. ज्याने आळीत कुणाला एक दिवस कमी सांगू दिला नाही, तो माणूस म्हणाला, “झाले आठ-धा दिस.”

“अण्णा, रेशनकार्ड,” मी म्हटलं.

त्यांचे कान लाल झाले. “श्रावणापासून, डॉक्टर. रातचा घाम येतो. वजन बी उतरलंय.” एकेक शब्द त्यांनी फरशीला सांगितला.

डॉक्टर म्हणाले, आधी थुंकी आणि छातीचा फोटो बघू. टीबीच निघाला तरी औषधाने पूर्ण बरा होतो, मात्र गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. आणि निदान होईपर्यंत घरात कुणाला खोकला, ताप आहे का तेही बघा, लहान मूल असेल तर विशेष. लहान मूल म्हटल्यावर अण्णांनी डोळे मिटले. थुंकीचा एक नमुना तिथेच दिला, दुसरा उद्या सकाळचा. त्यासाठी मिळालेली डबी त्यांनी उपरण्यात गुंडाळली, चोरीचा माल असावा तशी.

परतीच्या एसटीत मागच्या बाकावर एक म्हातारा सारखा खोकत होता. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी त्याला काहीच विचारलं नाही. उतरताना मला म्हणाले, “सुरेखाला तुमीच सांगा, बाई.”

“ते काम तुमचं, अण्णा. तिला वाटतंय तिचंच काही चुकलं.”

उद्याची कामं मी लिहून ठेवली आहेत. डबी पहिल्या गाडीने मंचरला पोचवणे. फोटो आणणे. चिऊला दाखवून आणणे. या सगळ्यांच्या वरच्या ओळीत ‘सुरेखाला सांगणे’ आहे, पुढे अण्णांचं नाव.

हे लिहिताना खिडकीतून बराखी दिसते आहे. चिऊ दारात उभी राहून आजोबांना हाका मारते आहे, आणि अण्णा नातीकडे पाठ करून आत उभे आहेत. सुरेखाने ताट लांबच ठेवलं, पण आज ती परत फिरलेली नाही. पोरीला कडेवर घेऊन तिथेच थांबली आहे.

‘सुरेखाला सांगणे’ ही ओळ अजून खोडायची आहे.